धक्क्यावरची लाल गाडी

रविवार, १० ऑक्टोबर १९९३

ही वही ओडनीने दोन वर्षांपूर्वी नाताळात दिली होती. "पोलिसाच्या बायकोला नवऱ्याच्या मनातलं कळायला काहीतरी सोय हवी," असं म्हणाली होती. तेव्हापासून ती कोरीच पडून होती. आज उघडली, कारण या वेळी सगळं तारीखवार लिहून ठेवायचं ठरवलंय. मागच्या वेळी माझं जे हसं झालं, ते पुन्हा होऊ द्यायचं नाही. ती बेपत्ता बाई परत आली की हीच वही दाखवून सांगता येईल, बघा, मी डोकं थंड ठेवलं होतं.

दुपारी ताटावर बसलो होतो, तेव्हा राग्नामावशीचा फोन आला. तिची मुलगी गुन्वोर काल सकाळपासून बेपत्ता आहे. आज ती आईकडे जेवायला येणार होती, मटण आणि कोबी शिजवून ठेवला होता, आली नाही. घरी जाऊन पाहिलं तर घर रिकामं, आणि गाडीही दारात नाही.

गुन्वोर आमच्या शाळेतली बाई, चौतीस वर्षांची. नवरा ओस्मुन भर समुद्रात तेल काढायच्या फलाटावर कामाला, पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस इकडे. सध्या तिकडे. दोन वर्षांपूर्वी दोघांचं भांडण झालं आणि बाईसाहेब कुणालाही न सांगता निघून गेल्या. मी हेलिकॉप्टर मागवलं, कुत्री मागवली, चाळीस माणसं डोंगरावर चढवली. पाचव्या दिवशी गुन्वोर फेरीबोटीतून उतरली, केस कापून आलेली. मैत्रिणीकडे बर्गनला होती. पलीकडच्या ठाण्यातले साहेब अजून मला विचारतात, "काय यॉस्टाइन, कुणाचे केस वाढलेत का? पाठवू हेलिकॉप्टर?"

म्हणून या वेळी आधी धक्क्यावर गेलो. गाडी तिथेच होती. लाल, शेडच्या अंगाला लावलेली, किल्ली आत. किल्लीचं काही नवल नाही. आमच्या स्टाव्हॉय बेटावर गाडीला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं आहे. ज्याला बोट गाठायची घाई असेल तो समोर दिसेल ती गाडी घेतो, धक्क्यावर ठेवतो, आणि बोटीतून उतरणारा पहिला माणूस ती जागच्या जागी नेऊन ठेवतो. एकच रस्ता आहे, गाडी हरवून हरवणार कुठे?

दुपारची बोट लागली तेव्हा तिकिटं फाडणाऱ्या अर्न्फिनला गाठलं.

"काल दोनच्या बोटीने गुन्वोर गेली ना?"

"गेलीच असणार. गाडी इथेच आहे की तिची."

"पाहिलीस तिला?"

"निळा कोट घातलेली कुणीतरी होती बघ बाकावर. पाठमोरी."

"तीच ती."

"मग तीच."

"आणखी कोण होतं?"

"सात-आठ जण. त्यात तुझे बाबा. चिडलेले होते. म्हणे, पोरगा पोलीस आहे पण घड्याळ बघता येत नाही."

हे मात्र खरं. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन पलीकडच्या इस्पितळात, आठवडाभर तिथेच राहायचंय. त्यांना धक्क्यावर सोडायचं मी कबूल केलं होतं, पण होडी घेऊन जाळी काढायला गेलो आणि तीन वाजले परतायला. डोंगराच्या फाटकाजवळच्या शेवटच्या घरातून ते धक्क्यापर्यंत कसे आले देवाला ठाऊक. कुणीतरी आणलं असेल. बाबांचं कधी काही अडत नाही.

गाडीची रीतसर पाहणी केली. ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवलेली होती. मी बसून पाहिलं, माझेसुद्धा गुडघे स्टिअरिंगच्या चाकाला लागले नाहीत. गुन्वोर जेमतेम माझ्या खांद्याला लागते. म्हणजे गाडी तिने चालवलीच नाही, एका चांगल्या उंच माणसाने चालवली. पायाशी घशाच्या काळ्या गोळ्यांचा कागद पडला होता, पण त्या गोळ्या बेटावर कोण खात नाही? ओस्मुन समुद्रात आहे. मग हा उंच माणूस कोण? वीस वर्षांची नोकरी फुकट नाही गेली माझी. मामला सरळ आहे.

गाडीला पिवळी फीत बांधली, 'हात लावू नये' असा कागद काचेला चिकटवला. अहवालाची पहिली ओळ लिहिली: 'सदर महिला शनिवारी दोनच्या बोटीने बेट सोडून गेली.'

ओडनी म्हणाली, "गेली असणार, की नक्की गेली?"

म्हटलं, "नक्की."


सोमवार, ११ ऑक्टोबर

धुकं. कालही होतं, आज जास्त. ठाण्याच्या खिडकीतून समोरचं दुकान दिसत नव्हतं.

राग्नामावशी सकाळीच आली. कमरेचं दुखणं आहे तिला, तरी चालत आली. लहानपणी मला हिने किती वॉफल खाऊ घातलेत त्याला गणती नाही, त्यामुळे तिच्याशी पोलिसासारखं बोलणं जड जातं.

"तिची पर्स घरी आहे," म्हणाली. "वाचायचा चष्मा घरी आहे. शाळेच्या वह्या तपासून गठ्ठा दाराशी ठेवलाय, आज न्यायला. अशी बाई बर्गनला जाते होय?"

"मागच्या वेळी तरी पर्स कुठे नेली होती?"

"नेली होती. तुला आठवत नाही. बूट नाहीत घरात, यॉस्टाइन. डोंगरावरचे बूट. माझ्या दोन मेंढ्या खाली आल्या नाहीत या वर्षी. 'एक दिवस जाऊन बघते' म्हणत होती."

"मावशी, डोंगरावर जायला गाडी फाटकाशी लावतात, धक्क्यावर नाही."

तिने टेबलाची कड धरली. मग म्हणाली, "तू तिला ओळखत नाहीस. तू फक्त तिची ती एक गोष्ट ओळखतोस."

मी कॉफी ओतली, तिने घेतली नाही. दाराशी जाऊन म्हणाली, "चार माणसं तरी पाठव रे." म्हटलं, धुकं ओसरू दे. म्हणायला काय जातं? पण पाठवायची वेळ येणार नाही हे मला माहीत होतं.

साहेबांचा फोन आला. "हेलिकॉप्टर?" एवढाच एक शब्द. हसू आवरत होते. म्हटलं, "नको साहेब. गाडी धक्क्यावर आहे. एक माणूस आहे यात. बहुधा बुधवारपर्यंत परत येईल, मागच्यासारखी."

"शहाणा झालास," म्हणाले.

लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं ऐकून.


मंगळवार, १२ ऑक्टोबर

हवा अशी स्वच्छ की डोळे दुखावेत. रात्री पहिल्यांदा दव गोठलं.

दुपारी धक्क्यावर उभा होतो. तिथून डोंगर पुरा दिसत होता, माथ्याखाली मेंढक्यांची दगडी खोपसुद्धा. इतकी स्वच्छ की दगड मोजावेत. लहानपणी बाबांबरोबर मेंढ्या उतरवायला तिथे जायचो. आत एक चूल, एक बाक, आणि दोरीला बांधलेली वही. जो येईल त्याने तारीख, वारा आणि मेंढ्या किती दिसल्या ते लिहायचं. आता गुडघे ऐकत नाहीत.

सगळं गाव 'उंच माणूस' एवढंच बोलतंय. मी फक्त ओडनीला आणि अर्न्फिनला सांगितलं होतं. दुकानात एलिंग म्हणाला, "मीही उंचच आहे, माझीही गाडी लाल आहे. धरून नेतोस का?" सगळे हसले. मीही हसलो. एलिंग शनिवारी दिवसभर माझ्याच होडीत होता.

बाबांचा इस्पितळातून फोन. ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी आहे. आवाज पडलेला.

"शनिवारचं जरा बोलायचं होतं," म्हणाले.

"बाबा, चुकलो, माफ करा. जाळी काढताना वेळ झाला."

"ते नाही रे. ती गाडी..."

"बाबा, मी एका तपासात आहे. घरी आलात की बोलू निवांत. थेंब घालताय ना वेळेवर?"

"घालतोय," म्हणाले, आणि फोन ठेवला. अजून रुसलेत. गाडीवरूनच. गेल्या वर्षी त्यांचा परवाना मीच काढून घेतला. मोतीबिंदू झालेल्या माणसाच्या हातात चाक कसं ठेवणार, बाप झाला म्हणून काय झालं? तेव्हापासून गाडी म्हटलं की त्यांचं तेच पुराण. नव्वद टक्के बेटाने मला तेव्हा शाबासकी दिली होती, बाबांनी तीन महिने तोंड फिरवलं.


बुधवार, १३ ऑक्टोबर

शनिवारच्या बोटीतले सगळे शोधून काढले. अर्न्फिनच्या हिशेबाने बेटावरचे आठ. सात जणांचे जबाब घेतले. तिघांना निळा कोट आठवतो. एकीने सांगितलं की तिचाच कोट निळा आहे, पण ती म्हातारी कशातही आपलं नाव घालते. उंच माणूस कुणालाच आठवत नाही. तो पलीकडे थांबला असेल, किंवा स्वतःच्या होडीने गेला असेल. आठवे म्हणजे आपले बाबा. त्यांना समोरचा माणूस दिसत नाही, त्यांना काय विचारायचं?

ती आज परत यायला हवी होती. तीनही बोटी पाहिल्या.


गुरुवार, १४ ऑक्टोबर

ओस्मुन फलाटावरून आला. धक्क्यावर घ्यायला गेलो. उतरल्या उतरल्या त्याने विचारलं, "खरंय का ते? माणसाचं?"

म्हटलं, "तपास चालू आहे."

"म्हणजे खरंय." तो लाल गाडीकडे बघत राहिला. "मला वाटलंच होतं. तीन आठवड्यांपासून गप्प गप्प होती. विचारलं तर म्हणायची, काही नाही, आईच्या कमरेची काळजी वाटते." आणि मग एवढा मोठा गडी रडायला लागला. "आईची कमर म्हणे! आणि मी विश्वास ठेवला!"

तेवढ्यात राग्नामावशी आली. रोज येते, गाडीजवळ उभी राहते. जावयाला म्हणाली, "ओस्मुन, चल माझ्याबरोबर डोंगरावर. हा येणार नाही. तू चल."

"तुमच्या मेंढ्यांसाठी?" ओस्मुन ओरडला. "ती कुणाच्या तरी गळ्यात पडलीय आणि तुम्हाला मेंढ्यांचं पडलंय?"

मावशीने त्याच्या तोंडात मारली. मी मध्ये पडलो. पुढे तिने जे केलं ते मात्र बघवलं नाही. एकटीच रस्त्याने वर चालत निघाली, काठी टेकत. मी गाडी घेऊन मागे गेलो, चर्चपाशी तिला गाठलं आणि घरी सोडलं. वाटेत एक शब्द बोलली नाही. उतरताना फक्त म्हणाली, "तुझी आई असती तर तुला कानाला धरून वर नेलं असतं."

जिव्हारी लागलं. परत धक्क्यावर गेलो आणि उगाच उभा राहिलो. समोर डोंगर लख्ख. बराच वेळ वर पाहत होतो. मनात आलं, जाऊन यावं का एकदा, मावशीची शंका तरी मिटेल. पण मग पलीकडे कळणार, साहेब म्हणणार, गाडी धक्क्यावर आणि हा डोंगरावर. त्यापेक्षा बर्गनच्या हॉटेलांना फोन केले.


शुक्रवार, १५ ऑक्टोबर

पाऊस आणि गारा. विशेष काही नाही.


शनिवार, १६ ऑक्टोबर

बाबा परत आले. या वेळी मी वेळेवर धक्क्यावर होतो, ओडनीही होती. उजव्या डोळ्यावर पट्टी, पण डावा बरा दिसतोय म्हणाले. उतरल्यावर शेडकडे बघून थांबले.

"एलिंगने गाडी नेली नाही अजून? आठवडा झाला की!"

"एलिंगची नाही हो, गुन्वोरची ती," ओडनी म्हणाली. "राग्नामावशीची गुन्वोर. ती निघून गेलीय ना. तुम्हाला कळलं नाही? रेडिओवर पण सांगितलं."

"रेडिओवर नाव सांगितलं नाही," बाबा म्हणाले. मग जवळ गेले. फितीला हात लावला. वाकून नंबर वाचला, अगदी नाक टेकवून.

आमच्याकडेच आणलं त्यांना, एकट्याने राहायच्या अवस्थेत नाहीत. ओडनीने ताजा मासा आणि बटाटे उकडले होते, त्यांनी घास घेतला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. विचारलं तर म्हणतात, डोळा झोंबतोय. सोमवारी डॉक्टरला फोन करायला हवा. या वयात असली ऑपरेशनं झेपत नाहीत.


रविवार, १७ ऑक्टोबर

मला हे लिहिलंच पाहिजे.

सकाळी नऊला ठाण्यावर होतो. दार वाजलं. बाबा. चर्चला जायचा काळा कोट घातलेला, केस विंचरलेले. घरून चालत आले होते. बसले नाहीत.

"जबाब द्यायचाय," म्हणाले.

"बाबा, आज रविवार आहे. घरी चला."

"कागद घे. तारीख घाल. नाव घाल, तोर्केल, वय एकोणऐंशी."

मी कागद घेतला. त्यांनी हात मागे बांधले आणि सांगितलं. मी लिहून घेतलं, शब्दाला शब्द: 'शनिवार, ९ ऑक्टोबर रोजी दुपारी दीड वाजता, मुलगा न आल्याने, मी डोंगराच्या फाटकाशी उभी असलेली लाल गाडी घेतली व चालवत धक्क्यावर नेली. ती एलिंगची समजलो. माझ्याकडे परवाना नाही. मला तेव्हा एका डोळ्याने अर्धंच दिसत होतं. सीट मागे सरकवली. गाडीत किंवा आसपास कुणी नव्हतं.'

"मंगळवारी फोन केला," म्हणाले, "एलिंगला सांग, गाडी वर नेऊन ठेव, एवढंच म्हणायचं होतं. तू म्हणालास, निवांत बोलू. मलाही बरंच वाटलं. तू परवाना काढून घेतलेला, वर पोलीस. म्हटलं, टळलं." मग म्हणाले, "काल रात्रीच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. त्यांनी सही केली, ओळ सोडून खाली गेली. खिशातून काळी गोळी काढली, तोंडात टाकली, कागद मुठीत चुरगळला. मी त्या मुठीकडे बघत होतो.

फाटकाशी. ती गाडी फाटकाशी होती.

एलिंग, ओस्मुन, अर्न्फिनचे दोन भाऊ आणि मी. माझे गुडघे कसे चढले मला माहीत नाही. दोन तास लागले. खोपीचं दार आतून ओढून घेतलेलं होतं. दाराबाहेर राग्नामावशीच्या खुणेची एक मेंढी बसली होती, आम्हाला बघून उठली.

ओस्मुन आधी आत गेला. पुढचं मला लिहिता येत नाही.


बुधवार, २० ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, मांडीचं हाड मोडलेलं होतं, शनिवारीच. थंडीने गेली. गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी.

गुरुवारी मी धक्क्यावर उभा होतो.

साहेब सोमवारी आले होते. या वेळी हसले नाहीत, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "गाडी धक्क्यावर होती, यॉस्टाइन. कुणीही तेच म्हटलं असतं. तुझ्या वडिलांचा जबाब मला दिसलाच पाहिजे असं काही नाही. म्हातारा माणूस आहे. गाडी कुणी नेली ते कळलं नाही, असंही लिहिता येतं."

म्हणजे बाबाही वाचतात आणि मीही. त्यांनी ते चांगुलपणाने सांगितलं. मी म्हटलं, विचार करतो. खरंच केला, दोन दिवस केला, हे इथे लिहून ठेवतो.

खोपीतली वही माझ्याकडे आहे. पुरावा म्हणून. सप्टेंबरातल्या मेंढक्यांच्या नोंदी संपतात आणि खाली तिचं शाळेतलं गोल अक्षर सुरू होतं. जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

'९ ऑक्टो. वारा पश्चिम, धुकं येतंय. मेंढ्या २. ओल्या दगडावरून घसरले, पाय मोडला. रांगत इथवर आले. दोन्ही मेंढ्या आईच्याच. गुन्वोर.'

'१० ऑक्टो. दाट धुकं. चूल पेटवली. धूर कुणाला दिसणार म्हणा. आज आईकडे मटण.'

'११ ऑक्टो. धुकं. लाकडं संपली. मुलांना वह्या मिळाल्या नसतील. आज सगळ्यांना कळेल.'

'१२ ऑक्टो. निरभ्र! सकाळी घसटत खाली निघायचं ठरवलं होतं. तेवढ्यात धक्क्यावर माझी गाडी दिसली. फाटकाशी ठेवलेली खाली नेलीय. कुणी बोटीसाठी नेली असती तर एव्हाना परत आणून ठेवली असती. म्हणजे पोलिसांनीच ठेवून घेतलीय. म्हणजे शोध सुरू आहे. मी मुलांना दर वर्षी शिकवते, डोक्यावर छप्पर असेल तर जागचं हलू नका, शोधणाऱ्यांना सापडत नाही मग. मी हलणार नाही.'

'१३ ऑक्टो. निरभ्र. थंडी. मेंढी १, आत घेतली, ऊब आहे. दुसरी गेली. गाडी तिथेच आहे. पाय काळा पडलाय. येतीलच.'

'१४ ऑक्टो. गाडीजवळ एक उंच माणूस उभा आहे. खूप वेळ इकडेच बघतोय. यॉस्टाइन असावा. दार उघडून हात हलवला. त्याने पाहिलं असं वाटतं.'

पुढे काही नाही.


रविवार, २४ ऑक्टोबर

काल तिला पुरलं. शाळेतली सगळी मुलं आली होती. ओस्मुन राग्नामावशीच्या शेजारी उभा होता, पण तिच्याकडे बघण्याची त्याची हिंमत होत नव्हती. मी मागे होतो. बाबा चर्चच्या बाहेर उभे राहिले, पावसात, टोपी हातात. आत या म्हटलं तर मान हलवली.

अहवालाची पहिली ओळ खोडली. बाबांचा जबाब जोडला, माझाही जोडला, सातजणांचे जबाब घेतले आणि आठव्याचा का घेतला नाही, तेही. साहेबांना सकाळी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बघ बाबा. तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे." म्हटलं, होय.

दुपारी राग्नामावशीकडे गेलो. खोपीतली वही तिला द्यायची होती. ती तिची आहे, पुराव्याला नक्कल पुरेल. तिने दारात उभं नाही ठेवलं, आत घेतलं, खुर्ची दिली. वही वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. मला वाटलं होतं ती ओरडेल, मारेल. तसं झालं असतं तर बरं होतं.

"ओडनी म्हणाली, तूही वही लिहितोस," ती म्हणाली. "आणलीस?"

कोटाच्या खिशात होती. ही.

"मी तिचं एकेक दिवसाचं वाचते. तू तुझं वाच."

तसंच केलं. ती तारीख म्हणायची, तिचं वाचायची, मग थांबायची. मग मी. दहा तारखेला मी वाचलं, 'मामला सरळ आहे.' अकराला वाचलं, 'बरं वाटलं ऐकून.' ती म्हणायची, "मोठ्याने." बाराचं वाचलं, इतकी स्वच्छ हवा की दगड मोजावेत. चौदाचं वाचलं, 'बराच वेळ वर पाहत होतो.' पंधराला तिच्याकडे वाचायला काही नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"वाच," म्हणाली.

"पाऊस आणि गारा. विशेष काही नाही."

तिने वही मिटली. उठली, कॉफी ठेवली, दोन कप मांडले. आम्ही प्यायलो. मी तिची क्षमा मागितली. "ती माझ्याकडे नाही," म्हणाली, रागाने नाही, एखादी वस्तू घरात संपली आहे असं सांगावं तसं. मग म्हणाली, "ती गाडी तिथे दिसते मला. रोज दिसते. तिने जिथे ठेवली होती तिथे नेऊन ठेव. किल्ली आत राहू दे. कुणाला लागली तर घेऊ दे."

धक्क्यावर गेलो. फीत सोडली, काचेवरचा कागद ओला होऊन चिकटला होता, नखांनी खरवडून काढला. दार उघडून आत बसलो आणि गाडी वर नेली.

सीट पुढेमागे करावी लागली नाही.